दोनदा मेण लावलेला तारपा

मी एक जुना तारपा आहे, मित्रांनो. सफाळ्याच्या डोंगराकडच्या एका पाड्यावर, जिवल्याबाबांच्या घरातल्या खुंटीवर माझा मुक्काम. अंगणातल्या वेलीचा सुकवलेला भोपळा हे माझं पोट, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. बाबांनी मला घडवलं आणि आपल्या मुलाच्या, रामूच्या हाती दिलं. रूपाने मी बेताचाच, पण माझा सूर ऐकाल तर घरी बसवणार नाही!

भातकापणी झाली की रामू मला फुंकायचा आणि सगळा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून माझ्याभोवती फेर धरायचा. तारपा थांबला की पाय थांबतात, असा आमचा रिवाज. म्हणून वाजवणारा गालांत वारा साठवतो, नाकाने श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. रामू कितीतरी वेळ असा वाजवायचा. खरं सांगतो, मला त्याच्या श्वासाचा फार लळा होता.

तो विड्या ओढायचा, ते मला वासावरून कळायचं. पुढे तो बोईसरच्या एका कारखान्यात लागला. तिथे विडीला मनाई. तेव्हा एका सोबत्याने त्याला चोरून मिळणारी, बॅटरीवर चालणारी वाफेची सिगारेट दिली. यात धूर नाही, नुसती वाफ आहे, असं समजावलं. रामूला वाटलं, बरं झालं, विडी कमी होईल. कसली कमी होते! दिवसा कामावर वाफ, घरी आल्यावर विडी. माझ्या पोटात त्या वाफेचा आंब्यासारखा गोड वास आणि विडीचा कडू वास एकदमच येऊ लागला. शी!

गेल्या वर्षी ऐन नाचात सूर तुटला. पाय अडखळले. रामू खोकला आणि म्हणाला, तारपा गळतोय. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या सांध्यांना नवं मेण थापलं. पुन्हा सूर तुटला, पुन्हा मेण थापलं. मी मुका, सांगणार कसा? तिसऱ्यांदा मेण तापवायला घेतलं, तेव्हा जिवल्याबाबांनी मला उचललं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाच फेर होईपर्यंत त्यांनी सूर सोडला नाही.

मग मला खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "रामू, तारपा बरा हाय. भोक तुज्या छातीत हाय."

दुसऱ्याच दिवशी रामूची बायको सोमी त्याला दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर तिने बाबांना सगळं सांगितलं. त्या वाफेतही निकोटिन असतं, घातक रसायनं असतात. विडीच्या जोडीला ती घेतली तर छातीला आराम नाहीच, दोन्हीकडून मार बसतो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही सोडायला सांगितलं होतं. रामूने सोडलं. मधे एकदा विडी पेटवली, तर सोमी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग त्याने पुन्हा सोडलं.

यंदा दोन फेर झाले आणि त्याला दम लागला. सूर थांबला, रिवाजाप्रमाणे पायही थांबले. पण कमरेचे हात कुणी सोडले नाहीत. रामूचा श्वास परत येईपर्यंत अख्खा पाडा तसाच उभा राहिला. मग माझ्या पोटात त्याचा श्वास आला, बिनवासाचा, आधीपेक्षा तोकडा, पण नुसता त्याचा.

मित्रांनो, मी फुटलो तर वेलीला दुसरा भोपळा धरेल. छाती मात्र कुठल्याच वेलीला धरत नाही. ती जपा. आणि कुणाचा दम तुटला, तर त्याच्यासाठी हात न सोडता थोडं उभे राहा.