खणात पडलेली शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. पोलिसाची, पितळेची, पोटात बुचाचा मणी असलेली. ओरडण्यासाठीच घडवलेली मी, सध्या चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या एका फ्लॅटमध्ये टेबलाच्या खणात, जुन्या चार्जरांखाली गप्प पडून आहे. बाहेरच्या खोलीत आज माझ्या मालकाचं तेरावं आहे आणि माणसं वाट्टेल ते बोलताहेत.

माणूस गेला की तुमच्यात तो लगेच देवमाणूस होतो. "राणोजीराव म्हणजे काय शिस्त! अख्खं घर एका शिट्टीवर चालायचं," असं मघाशी कुणीतरी कौतुकाने म्हणालं. ती शिट्टी मी. घर कसं चालायचं ते मला विचारा.

तंजावरकडचे हे मराठे. राणोजीराव सब-इन्स्पेक्टर झाले तेव्हा पांढऱ्या दोरीसकट मी त्यांच्या खांद्याला आले. एग्मोरच्या चौकात भर उन्हात आम्ही दोघांनी बसच्या बस अडवल्या. उगाच नावं ठेवणार नाही. शाळा सुटायच्या वेळी ते स्वतः रस्त्यात उभे राहायचे आणि शेवटचं पोर पलीकडे पोचेपर्यंत मला ओठांतून काढायचे नाहीत. चौकात ते खरोखर चांगले होते.

पण मला चौकातच सोडायला हवं होतं. ते मला घरी आणायचे. एकदा फुंकलं की पाणी. दोनदा फुंकलं की पोराने अभ्यासाला बसायचं. आणि तीनदा, म्हणजे असाल तसे धावत या. व्यंकटेश, त्यांचा एकुलता एक, अंगाला साबण तसाच ठेवून न्हाणीतून धावत यायचा. हे मनगटावरच्या घड्याळात बघायचे. "सतरा सेकंद. चोर पळून गेला असता."

कसला चोर? घरात एक सात वर्षांचं पोर आणि त्याची आई.

आई म्हणजे अंबुजाबाई. दर शनिवारी देवाच्या समईबरोबर मलाही चिंचेने घासायची. देवाच्या पंगतीला मला तिनेच बसवलं, हेही तेवढंच खरं.

एकदा मी हरवले. राणोजीरावांनी व्यंकूला पकडलं. "मी नाही घेतली, अप्पा." पोलिसाला हे उत्तर पाठ असतं. त्यांनी त्याला भर दुपारी क्वार्टरच्या गच्चीवर उभं केलं, अनवाणी. मी कुठे होते? त्यांच्याच शर्टाच्या खिशात, इस्त्रीवाल्याकडे. संध्याकाळी इस्त्रीवाल्याने मला हातात दिलं. हे तडक बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या दुकानातून रोझमिल्कची, गुलाबाच्या गार गोड दुधाची, बाटली आणली आणि पोरासमोर ठेवली. "पी."

'माझं चुकलं' म्हणायचं नव्हतं, म्हणून रोझमिल्क. पोराच्या पायाला फोड आले होते. त्याने बाटली संपवली आणि धडा नीट गिरवला.

वर्षं गेली. निवृत्ती झाली, वेलचेरीचा हा फ्लॅट झाला, व्यंकूचं लग्न झालं, नात रम्या झाली. अंबुजाबाईचे कान गेले. सून कानाचं मशीन आणू म्हणाली तर राणोजीराव खेकसले, "माझी शिट्टी ऐकू येते ना तिला? मग पुरे." येत होती खरी. बाकी सगळं धूसर, माझा तेवढा आवाज तिला आरपार कळायचा.

मग गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सगळ्यांना धावायला लावणारा माणूस खाटेला खिळला. रम्याने मला त्यांच्या गळ्यात अडकवलं. आजोबांना ती ताता म्हणायची. "ताता, पाहिजे तेव्हा फुंका." अर्ध्या ओठांतून हवा निसटायची, लाळ गळायची, तरी ते फुंकायचे. अंबुजाबाई हातातलं टाकून यायची. चाळीस वर्षं मी हुकूम होते, त्या वर्षी पहिल्यांदा हाक झाले.

व्यंकूला मात्र हुकूमच ऐकू यायचा. त्याचं ऑफिस घरातच. परदेशातल्या साहेबांशी बोलताना मी वाजले की त्याचा चेहरा सात वर्षांच्या पोरासारखा व्हायचा. त्या सोमवारी सकाळी तो तरातरा आला, दोरी त्यांच्या डोक्यावरून काढली. "अप्पा, एक तास. एकच तास मला जगू द्या."

राणोजीरावांनी डावा हात पुढे केला. व्यंकूने तो पाहिला. मला खणात टाकलं, कानांना हेडफोन लावले.

थोड्या वेळाने भिंतीला धरून पाय ओढत गेल्याचा आवाज आला, मग पलीकडच्या बाथरूममध्ये धप्प आवाज झाला. मग बादलीवर हात आपटल्याचा. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मी खणात होते, मला कळलं. अंबुजाबाई स्वयंपाकघरात सांबाराला फोडणी देत होती, तिला कळलं नाही. तासाने व्यंकू उठला तेव्हा बादलीचा आवाज कधीचाच थांबला होता.

त्या दिवसापासून अंबुजाबाई येता-जाता बाथरूमच्या दाराशी कान लावून उभी राहते आणि एकच बोलते. आत्ताही बोलतेय, आल्यागेल्या प्रत्येकाला. "त्यांनी फुंकली असणार की हो. तीनदा फुंकली असणार. माझेच कान मेले. मलाच आलं नाही ऐकू."

आणि व्यंकू बाजूला उभा राहून ऐकतो. शिट्टी गळ्यात नव्हती, एवढं साधं वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मघाशी त्याने आईच्या मांडीवर एक पांढरी डबी ठेवली. कानाचं नवं मशीन, भारीतलं. "घाल, अम्मा."

रोझमिल्कच हे. बाटली तेवढी बदलली.

तिने ते निमूट कानात घातलं. आता तिला भांडी, पंखा, भटजी, सगळं ऐकू येतंय. पाहुणे म्हणाले, "पोरगा बापावर गेलाय हो, घरासाठी किती करतो!" खरंय. अगदी बापावर गेलाय.

व्यंकू, मला देव्हाऱ्यात ठेवू नकोस, अप्पांच्या फोटोला तर मुळीच अडकवू नकोस. फक्त खण उघड. मला घेऊन आईसमोर जा आणि कुठून आणलीस ते सांग. ती रडेल, तुला दोन शिव्याही देईल. पण बाथरूमच्या दाराशी कान लावून उभं राहायचं थांबेल.

तुझ्या बापाने 'माझं चुकलं' हे वाक्य कधीच उच्चारलं नाही. त्याला वेळ होता, चाळीस वर्षं. शेवटी बोलावंसं वाटलं तेव्हा वाचा नव्हती.

तुला आहे.