उलट पावलांची नोंद

गाव बदललं, केस कापले, खरं नाव कुठं सांगितलं नाही, फोटोच्या जागी खारीचं चित्र लावलं. धावण्याचा नकाशा दिसू नये म्हणून फोनवरची सगळी बटणं बंद करून ठेवली. एवढा बंदोबस्त करून शेवटी ती सापडायची वेळ आली ती गुडघेदुखीपायी, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या गुडघ्याच्या. आता याला काय म्हणावं!

धावणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट होता. त्यात तिचं नाव खारूताई. गटात जो तो आपला रोजचा सराव लिहायचा, किती धावलो, कुठं दम लागला, काय दुखतंय, आणि शेवटी ‘उद्या पुन्हा’ असं लिहून संपवायचा. तो तिथला शिरस्ताच होता. मग बाकीचे खाली टाळीचं चित्र दाबायचे. झालं, एवढाच कारभार. पण खारूताईचा जीव त्या टाळ्यांत अडकला होता. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात वाफेत उभं राहून चादरींच्या घड्या घालायच्या, संध्याकाळी किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या एका खोलीत परतायचं, खालच्या कानशीचा आवाज ऐकत जेवायचं. ‘छान केलंस’ म्हणणारं अख्ख्या गावात कुणी नव्हतं. गटात होते.

सासूबाईंना हा पोरखेळ वाटायचा. उठले-बसले याची काय दवंडी पिटायची, असं त्या म्हणायच्या. सुनेनं गंमत म्हणून त्यांनाही ‘गुडघे’ या नावानं गटात घातलं होतं. त्यांनी तिथं कधी एक अक्षर लिहिलं नाही. वाचायच्या मात्र सगळ्यांचं, चष्मा पुसून पुसून, आणि आज कोण थापा मारतंय ते सुनेला सांगायच्या.

हो, सासू आणि सून. दोघी मिळून पळून आल्या होत्या. ज्याच्यापासून पळायचं तो एकीचा नवरा होता आणि दुसरीच्या पोटचा मुलगा. तो धावण्याचा प्रशिक्षक. मैदानावर त्याला सर म्हणत, घरीही सरच म्हणावं लागे, बायकोनंसुद्धा. तिला धावायला त्यानंच शिकवलं होतं. लग्नानंतर तिनं काय खाल्लं, किती झोपली, पाळी कधी आली, सगळं तो लिहून ठेवायचा आणि रोज तिला वाचून दाखवायचा. सरावात वेळ चुकली की घराला आतून कडी. पुन्हा धावून ये, मग उघडतो. एका हिवाळ्यात ती तशीच दाराबाहेर कोसळली. सासूबाई आत कडीवर हात ठेवून उभ्या होत्या. मुलगा म्हणाला, बस खाली. आणि त्या बसल्या. त्या बसण्याचं त्यांनी सुनेजवळ पुढं कधी नाव काढलं नाही, पण पळायची गोष्ट पहिल्यांदा त्यांनीच काढली. आधी पोलिसांकडे गेल्या होत्या. तिथल्या साहेबांची मुलगी सरांच्याच हाताखाली तयार होत होती. साहेबांनी दोघींना बसवून घेतलं आणि सरांना फोन लावला. तेव्हापासून त्या वाटेला दोघी गेल्या नाहीत.

तर गुडघेदुखी. गटात एक निवृत्त बसड्रायव्हर होते, नाव हॉर्न. लिहायचे तेही मोठमोठ्या अक्षरांत, ओरडल्यासारखं. उतारावर गुडघे चमकतात, आता सगळं सोडून घरी बसतो, असं त्यांनी एकदा लिहिलं. खारूताईला राहवलं नाही. तिनं लिहिलं, धावण्याआधी थोडं अंतर उलट चाला, चढावर, टाच शेवटी टेकवून, नजर समोरच्या एका खुणेवर ठेवून. मी रोज करते. काकांनी केलं, त्यांना आराम पडला, मग काय विचारता! सगळा गट उलट चालायला लागला. कुणीतरी ते उचलून दुसऱ्या गटात दिलं, तिथून तिसऱ्यात गेलं.

टाच शेवटी आणि नजर खुणेवर, हे सरांचं होतं. दुसरं कुणी तसं शिकवत नव्हतं. तिच्या अंगात ते इतकं मुरलं होतं की हे आपलं नाही, दुसऱ्याचं आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. अक्कल गहाण पडली होती का, असं कुणीही विचारेल. तिनंही नंतर स्वतःला तेच विचारलं.

धुलाईघरात चहाची सुट्टी झाली तेव्हा तिनं फोन उघडला. ‘नवशिक्या’ नावाच्या एका नव्या सभासदानं तिच्या सरावाखाली लिहिलं होतं, “उलट चालताना डावा खांदा सैल सोड. किती वेळा सांगायचं?”

तिचा डावा खांदा आखडतो हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. पुढची चादर धरताना तिच्या हातातून टोक सुटलं, पुन्हा सुटलं. समोर टोक धरून उभी असलेली बाई वैतागून म्हणाली, अगं, लक्ष कुठंय तुझं? तिनं चादर पुन्हा उचलली.

घरी आल्यावर दोघी फोन घेऊन बसल्या. इतक्या दिवसांचा सराव पहिल्यांदाच तिनं त्याच्या नजरेनं वाचला. ‘कारखान्याचा भोंगा झाला आणि चढ संपला.’ ‘पुलाच्या कठड्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते.’ ‘लाल टाकीपाशी कुत्रं मागे लागलं.’ ‘इस्पितळाच्या मागून जाताना फिनेलचा वास.’ एकेक ओळ निरुपद्रवी होती. सगळ्या एकाखाली एक ठेवल्या की पत्ता तयार होत होता, फक्त दाराचा रंग सांगायचा राहिला होता.

“पुसून टाक,” सासूबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

तिनं गट चालवणाऱ्यांना कळवून नवशिक्याला काढायला लावलं आणि एकेक नोंद पुसायला घेतली. तो दुसऱ्या नावानं परत आला. आता त्यानं काही लिहिलं नाही. तो फक्त टाळ्या देऊ लागला. तिच्या अगदी पहिल्या नोंदीला एक टाळी, मग दुसरीला, मग तिसरीला. कुठवर वाचून झालं ते तो तिला दाखवत होता. ती अलीकडून पुसत होती, तो पलीकडून वाचत येत होता, आणि फोन सारखा टिंग टिंग वाजत होता. ज्या टाळ्यांसाठी ती दिवस काढायची, त्याच आता वाजताना ऐकवेनात. शेवटी तिनं सगळं खातंच उडवलं. पण त्याचं वाचून संपलं होतं की नाही, हे कळायला काही मार्ग उरला नाही.

खातं उडवायच्या आधी तिनं एक गोष्ट केली होती. हॉर्नकाकांना एकट्याला निरोप पाठवला, की तो माझा नवरा आहे, मी पळून आलेय, कुणी माझ्याविषयी विचारलं तर माहीत नाही म्हणा. काकांचं उत्तर आलं नाही. सासूबाई भडकल्या. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्यापाशी सगळं ओकलीस, आणखी एकाला वाट दाखवलीस, असं म्हणाल्या. ती रडायला लागली तेव्हा मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडू नको म्हणताना स्वतःच रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाणं भाग होतं. धुलाईघराची वाट तिच्या सरावाच्या त्याच चढावरून जात होती. ती खाली मान घालून चालली होती. वर पाहिलं तर चढावरून एक माणूस खाली येत होता, उलटा चालत. पाठ तिच्याकडे, टाच शेवटी टेकवत.

तिचे पाय तिथंच खिळले. एवढी धावणारी बाई, पण तिला पळता येईना. वळावं तर मागं खोली, खोलीत सासूबाई एकट्या. पुढं जावं तर हा. तो माणूस जवळ जवळ येत होता. तेवढ्यात तो माणूस कचऱ्याच्या डब्यावर आदळला, अरे देवा म्हणत कंबर धरून वळला. पांढऱ्या मिशा, गुडघ्याला पट्टा.

“खारूताई ना? मी हॉर्न.”

“काका,” ती म्हणाली, आणि मटकन रस्त्याच्या कडेला बसली. “असं येतं का कुणी?”

काकांचा चेहरा पडला. उलट चाललो की लांबूनच आपला माणूस म्हणून ओळखशील असं त्यांना वाटलं होतं. आणखी कोण तसं चालत येऊ शकतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनं विचारलं, की गाव तर मी सांगितलं नव्हतं, तुम्ही इथं कसे? काका तिच्या नजरेला नजर देईनात.

“चहा निवायच्या आत सापडलीस, पोरी. माझा जन्म बसवर गेला, पूल आणि टाकी वाचली की गाव ओळखतो मी. त्याला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. गाडी आणलीय. सासूबाईंना घे आणि चल.”

त्यांच्या घरी माडीवरची खोली रिकामी होती, काकू वाट बघत होत्या. ती त्यांना घेऊन घरी आली. सासूबाईंनी त्यांना दारातच उभं केलं आणि उलटतपासणी घेतली. मागं एकदा मुसळधार पावसात तुमच्या गावच्या देवळापर्यंत धावलो असं लिहिलंत, खरं का? काकांनी मान खाली घातली. खोटं, म्हणाले, घरीच होतो, कुंभकर्णाला लाज वाटावी इतका वेळ झोपलो होतो. तेव्हा सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, हाच तो, दुसरा कुणी एवढं कबूल करणार नाही. सगळ्या गडबडीत तिला हसू आलं.

तिनं दोन पिशव्या भरल्या. दुसरी पिशवी सासूबाईंनी तिच्या हातातून काढून घेतली.

“मी येत नाही.”

“आई, ही हट्टाची वेळ नाही.”

“खोली रिकामी दिसली की तो तसाच पुढं निघेल. किल्लीवाल्याला विचारेल, धुलाईघरात विचारेल. मी दिसले तर इथं थांबेल, माझ्याशी भांडत बसेल. तेवढं अंतर तुला मिळेल. तुला पळता येतं. मला जिना उतरता येत नाही.”

“आणि तुम्ही काय करणार त्याच्यापुढं?”

“ते माझं मी बघेन. एकदा बघायचं राहिलंय.”

ती पाया पडली, हातापाया पडली, चिडली, मी पण नाही जात म्हणाली. सासूबाईंनी ऐकलं नाही. खाली किल्लीवाल्याला सांगून ठेवलंय, वर आवाज झाला की तो येईल, असं म्हणाल्या आणि सुनेला अक्षरशः ढकलून दार लावून घेतलं. गाडीत बसेपर्यंत तिनं तीनदा मागं वळून पाहिलं. रस्ताभर तिचं रडणं थांबेना. काका गाडी चालवत होते, हॉर्नसुद्धा वाजवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना सारखी फोन लावत राहिली. वाजायचा, उचलायचं कुणी नाही. काकूंनी वाढलेलं ताट तसंच राहिलं. दुपारी काका धावतच माडीवर आले, दुखऱ्या गुडघ्यांचा त्यांना विसरच पडला होता. हातात त्यांचा फोन, गट उघडलेला. ‘गुडघे’ या सभासदाची नोंद होती. तिची पहिलीच.

‘आज सकाळी दारात उभी राहिले. समोरचा म्हणाला, बस खाली. बसले नाही. बराच वेळ गेला. शेवटी तो जिना उतरला. आत कुणाला येऊ दिलं नाही. गुडघे ठणकताहेत. हात सुजलाय, फोन धरवत नाही. उद्या पुन्हा.’

खाली टाळ्यांवर टाळ्या पडत होत्या. शाब्बास आजी, पहिल्याच दिवशी एवढा वेळ! हाताला बर्फ लावा. उभं राहणं हाही व्यायामच आहे. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तिनं ती नोंद पुन्हा वाचली. हात सुजलाय, एवढेच शब्द तिला दिसत राहिले.

ती खाली बसली आणि बूट घालायला लागली. नाडीची गाठ तिनं पक्की मारली.

“काका, गाडी काढा,” ती म्हणाली.

काका किल्ली घेऊन आधीच जिन्याकडे वळले होते.