पुनाजीनं ओढलेला धागा

सिंदीच्या कापसाच्या जिनात पुनाजीच्या चिमटीला मान होता. रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढायचा आणि तार किती लांब, किती चिवट, ते सांगून मोकळा व्हायचा. वीस वर्षं हेच केल्यावर त्याची खोड न जडली तरच नवल. कुणाच्या घरी बसला तरी स्वतःच्या धोतराचं टोक म्हणू नका, त्यांच्या उशीची खोळ म्हणू नका, हाताला लागेल त्याचा धागा काढायचा, जिभेनं ओला करायचा आणि तोडून बघायचा. बायको शकुबाई म्हणायची, देवळात एकटा सोडला तर हा माणूस देवाच्या वस्त्राचाही धागा काढेल.

त्याची मुलगी सुंदरा सातवी पास झाली आणि मास्तरीण होण्याच्या शिक्षणासाठी वर्ध्याला तिचा नंबर लागला. घराण्यात इतकी शिकणारी ती पहिलीच. जुनेरं होती दोन, पण शहरातल्या पोरींमध्ये पहिल्या दिवशी बसायचं तर एक पातळ नवं हवं, हे सगळ्यांनाच पटलं. शकुबाईनं डाळीच्या डब्यातून पंधरा रुपये काढून दिले. त्यात एकच पातळ येणार आणि शिक्षण संपेपर्यंत दुसरं मिळणार नाही, हे सुंदरालाही ठाऊक होतं. म्हणून घरातून निघतानाच ठरलं की करवतकाठी सुती पातळ घ्यायचं. ते धुता धुता मऊ होतं, आणि विरलं तरी त्याची गोधडी होते.

बापलेक पॅसेंजरनं वर्ध्याला उतरले आणि ओमप्रकाश शेठच्या दुकानात गादीवर जाऊन बसले. शेठनं करवतकाठी पुढे टाकलं, चौदा रुपयांचं. पुनाजीनं टोकाचा धागा तोडून पाहिला आणि खूश होऊन मान डोलावली. सुंदरानंही डोलावली. पण तिचं लक्ष होतं शेठच्या पाठीमागे टांगलेल्या आकाशी पातळाकडे. नकली रेशमाचं होतं ते, त्या साली नवीनच निघालेलं. शेजारी दोन मुली तेच घेत होत्या, आणि बोलण्यावरून त्याही त्याच शिक्षणाला निघालेल्या दिसत होत्या.

शेठ कसला चाणाक्ष! एक शब्द बोलला नाही. आकाशी पातळ काढलं आणि सुंदराच्या मांडीवर पसरलं. अकरा रुपये म्हणाला. सुंदरानं त्यावरून दोन बोटं फिरवली आणि तिचा चेहरा असा काही खुलला, की पुनाजीला गलबलून आलं. या पोरीनं आजवर तोंडानं काही मागितलं नव्हतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे घेतलं त चालन का?”

पुनाजी हो म्हणणार होता. अगदी खरंच म्हणणार होता. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तोंड उघडायच्या आत त्याचा हात पदराच्या टोकाला गेला, चिमटीनं धागा धरला आणि ओढला.

सुती कापडाचा धागा टोकाशीच तुटून हाती येतो. हा गुळगुळीत धागा घसरत घसरत चांगला हातभर आला, मग तुटला. भर पदरावर एक उभा चर पडला आणि कापड दोन्ही बाजूंनी चुरगळून आलं. शेजारच्या मुली फिसकन हसल्या. सुंदरानं मान खाली घातली. शेठ अदबीनंच म्हणाला की हे आता दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. पुनाजीला ते पटलं. त्यानं निमूट अकरा रुपये मोजले. उरलेल्या चारात करवतकाठी येणार नव्हतं.

स्टेशनवर येईपर्यंत तो धागा त्याच्या मुठीतच होता. सुंदरा तिकिटं काढत होती तेव्हा त्यानं पाठ फिरवून तो जिभेला लावला आणि ओढला. ओला झाल्याबरोबर धाग्यानं जीव सोडला. पुनाजी बाकावर बसला. पोरीचं पातळ त्यानंच नासवलं होतं, आणि ते टिकणारंही नव्हतं.

सुंदरा येऊन शेजारी बसली. “काय म्हणते धागा?” तिनं विचारलं.

“चांगला हाये. टिकते,” पुनाजी म्हणाला. धाग्याच्या बाबतीत तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला.

सुंदरानं त्याच्या मुठीतून उरलेला तुकडा घेतला, जिभेनं ओला केला आणि ओढला. बापाच्या मांडीवर बसून शिकलेली विद्या ती. तुटलेली दोन टोकं तिनं पाहिली, टाकून दिली आणि बापाला खेटून बसली.

“टिकवीन मी,” ती म्हणाली.

तिनं ते टिकवलंही. चर दिसू नये म्हणून पदर कायम कमरेला खोचलेला असायचा. वर्ध्याला शिकवणाऱ्या बाईंना वाटायचं, पोरगी मोठी कामसू आहे. पातळ ती कधी दगडावर आपटायची नाही, पिळायची नाही. तरी दुसऱ्या पावसाळ्यात ते कमरेशी फाटलं, आणि परीक्षा तिनं जुनेरातच दिली.

इकडे पुनाजीनं त्या दिवसापासून कापडाला चिमटी लावली नाही. जिनात रुई ओढायचा तेवढीच. कुणी मुद्दाम धोतर पुढे केलं तरी हात मागे घ्यायचा. शकुबाईला ते बघवत नसे.

सुंदराला तळेगावच्या शाळेत नोकरी लागली. पहिल्या पगाराला ती घरी आली ती कागदात बांधलेलं लुगडं घेऊन. आईसाठी, करवतकाठी, नऊवारी. तिनं ते उलगडलं आणि टोक बापाच्या हातात दिलं.

पुनाजीनं हात आखडता घेतला. “राहू दे. नवं हाये.”

“मी पाह्यला ओढून,” सुंदरा म्हणाली.

“कुठं?”

“दुकानातच. त्याच शेठच्या समोर, जिभेनं ओला करून. चार बाया पाहून राह्यल्या होत्या.”

“मंग? हासल्या नाई त्या?”

“हासल्या ना. मंग मी दुसरा ओढला.”

पुनाजीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि लुगड्याचं टोक चिमटीत धरलं.