ऑल्द्रिखचं अक्षर

"दार लाव आधी," ऑल्द्रिख वर्बा आत शिरत म्हणाला. "आणि रेडिओ मोठा कर."

हर्मीनाने दोन्ही केलं. प्राग केंद्रावर बँड वाजत होता. ऑल्द्रिख गावसमितीचा अध्यक्ष, तिचा शाळासोबती. पण सकाळी सात वाजता तो कधी असा दारात उभा राहिला नव्हता.

"दहाला जिल्ह्याचा माणूस येतोय. गावाची बखर तपासायला. अडुसष्ट सालचं पान बघणार म्हणे, रशियनांविरुद्ध काही लिहिलंय का ते."

टपाल कचेरीतून निवृत्त झाल्यापासून गावाची बखर हर्मीनाच लिहीत होती: लग्नं, मयती, पीकपाणी. तीन वर्षांपूर्वीचं ते ऑगस्टचं पान तिला तोंडपाठ होतं. रशियन रणगाडे आले. त्यांना वाट सापडू नये म्हणून ऑल्द्रिख वर्बाने गावाच्या नावाची पाटी उतरवून गवताच्या गंजीत लपवली.

"माझं नाव कशाला घातलंस गं?" त्याचा आवाज चिरकला.

"तू केलंस म्हणून."

"माझं मरू दे. तुझी ब्लाझेना शाळेत शिकवते. उद्या गोठ्यात शेण काढायला धाडतील पोरीला."

लेकीचं नाव निघालं आणि हर्मीनाचा वाद संपला. तिने बखर काढली, नवऱ्याचा जुना वस्तरा काढला. पान सरळ कापलं. ऑल्द्रिखने ते उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. तिने चुलीचं झाकण उघडलं, पण त्याच्या हातून कागद सुटेना.

"टाक ना!"

"तूच टाक."

तिने टाकला. मग उरलेल्या पट्टीला कोरं पान चिकटवलं. डिंक वाळायला दीड तास गेला.

"आता लिही," तो म्हणाला. "हवा कोरडी होती, बार्ली चांगली आली."

"मी नाही लिहिणार. खोटं माझ्या अक्षरात जायचं नाही. तुला हवंय, तू लिही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वानऊ. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या त्या जाड बोटांत पेन मावत नव्हतं.

"बार्लीतली ली पहिली की दुसरी?"

"दुसरी."

दहाला तो माणूस आला. तरुण होता, कातडी बॅग घेतलेला. पानं उलटता उलटता थांबला.

"हे अक्षर कोणाचं?"

हर्मीना चटकन म्हणाली, "तेव्हा माझा हात मोडला होता. अध्यक्षांनी लिहून दिलं."

त्याने ऑल्द्रिखकडे बराच वेळ पाहिलं. "फारच गचाळ आहे हो," तो हसला, सही केली आणि निघून गेला.

ब्लाझेनाची शाळेतली नोकरी वाचली. मोटारीचा आवाज विरला, तरी ऑल्द्रिख टोपी हातात फिरवत बसून होता.

"हर्मीना, पाटी मीच काढली होती ना गं?"

"तूच. बोल्ट गंजले होते. हातोडी मारताना अंगठा फुटला तुझा, मी माझा रुमाल बांधला."

तो आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. घरी जायचं त्याने नावच काढलं नाही.