पुलाच्या ह्या अंगाला

"बाई, पुलाच्या ह्या अंगाला रामेश्वर धरत्यात का न्हाय?"

गोजाबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात भाकरी होती आणि माझ्या हातात चहाचा पेला. रामेश्वरच्या पुलाच्या अलीकडे, मंगल कार्यालयासारख्या एका हॉलमध्ये आमची यात्रेची गाडी मुक्कामाला थांबली होती. बाकीचे एकेचाळीस यात्रेकरू अजून अंथरुणात होते. मला या वयात झोप कमीच, म्हणून मागच्या बाजूला चुलीशी येऊन बसले होते.

मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावर पट्टी टेकवून 'हा ठिपका म्हणजे रामेश्वरचं बेट' असं किती वर्गांना सांगितलं, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे उत्तर तोंडातून आपोआप गेलं.

"नाही हो. ही मुख्य भूमी. मधे समुद्र आहे, म्हणून तर पूल बांधला. बेट पुलाच्या पलीकडे सुरू होतं."

त्यांची थाप थांबली. भाकरीची कड तडकली, ती त्यांनी ओल्या बोटानं सांधली आणि भाकरी तव्यात टाकली.

"व्हय का," एवढंच म्हणाल्या.

काहीतरी चुकलं हे मला कळलं, पण काय ते कळेना. भाकरी उलटून त्या चुलीकडं बघत बोलायला लागल्या. या यात्रा कंपनीबरोबर स्वैपाकाला येण्याचं त्यांचं हे चौदावं वर्ष. पलीकडचे हॉल महाग, म्हणून कंपनी दर वर्षी अलीकडेच उतरते. माणसं पहाटे गाडीनं बेटावर जातात, स्नान-दर्शन करून एकला जेवायला परत येतात आणि तीनला गाडी कन्याकुमारीला निघते. ती माणसं परत येईपर्यंत इथं शंभरावर भाकरी व्हाव्या लागतात. गोजाबाईंनी चौदा वेळा पुलाचं टोक पाहिलं होतं. पूल ओलांडला नव्हता.

"पयल्या वर्षी घरी गेले तर गल्लीतल्या बाया आरती घिऊन दारात उब्या. रामेश्वर करून आली म्हनून पायावर पानी घातलं माज्या. वटी भरली. मग मावंदं घालावंच लागलं. पाच सवाष्नींना पुरनाचं जेवान. म्या काय म्हननार? आले जाऊन म्हनलं. अगदीच खोटं बी न्हवतं, बाई. निम्मं व्हतं."

"आणि नंतर?"

"मग दर साली इच्यारत्यात, झालं का दर्शन? मी म्हनते व्हय. आता ह्यो शेवटचा फेरा. गुडगं उचलंना. म्हनलं तुमी शिकल्याल्या, तुमास्नी इच्यारावं. ह्यो काट बी रामेश्वरातच धरत असतील तर बरं झालं असतं."

उत्तर बरोबर दिल्याचा इतका पस्तावा मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

यात्रेचा व्यवस्थापक दिग्विजय, मालकाचा मुलगा. तो दात घासत होता तिथेच मी त्याला गाठलं.

"मॅडम, मावशी गेल्यावर जेवणाचं काय? पुढच्या वर्षी नेतो की."

"पुढच्या वर्षी त्या येणार नाहीत."

"एक दिवस इडली खातील लोक," मी पुढं म्हणाले. हे ऐकून शेजारी टॉवेल पिळत असलेले अभिमन्यू काका वळले. निवृत्त कारकून, आणि गाडीतले सर्वांत मोठ्या आवाजाचे.

"इडली? चार दिस सकाळच्याला तीच खातोय बाई, तोंडाला बुरशी आली! ह्या समुद्रात बुडालो तरी चालंल, पर भाकरी अन् शेंगाचटणी वर तरंगली पायजे."

शेवटी मार्ग गोजाबाईंनीच काढला. दहाच्या आत सगळ्या भाकरी थापून ठेवायच्या, मग जायचं आणि एकच्या पंगतीला परत यायचं. त्यांच्या हाताखालचा नागप्पा, अक्कलकोटकडचा, म्हणाला, "भात-आमटी मी बगतो. भाकरी तेवडी मला येत न्हाय, मावशी. माज्या भाकरीचा आपलाच नकाशा हुतो." गाडी माणसं घेऊन गेली. मी थांबले. मला एवढ्या भाकरी जमण्यासारख्या नव्हत्या. पीठ मळून देत राहिले.

दहा वाजून गेल्यावर आम्ही रस्त्यावर येऊन साधी गावची बस धरली. गोजाबाई खिडकीशी बसल्या. पूल सुरू झाला आणि दोन्ही बाजूंची जमीन संपली. बाजूला रेल्वेचे दोन पूल, एक जुना, गंजलेला, एक नवा. नव्याचा मधला तुकडा जहाजासाठी वर उचलला जातो, असं मी सांगितलं. ते बघायला लोक वाटेतच गाड्या थांबवून फोटो काढत होते, पोलीस शिट्या मारत होता, आणि आमची बस ऐन मध्यावर अडकली. खाली निळ्या होड्यांची रांग.

"केवढं पानी," त्या म्हणाल्या. "अन् हितली मान्सं खात्यात काय? शेतीचा तर तुकडा दिसंना."

"वाळू आहे सगळी. मासे धरतात. शंख-शिंपले विकतात. आणि आपण आहोतच."

"आपुन?"

"यात्रेकरू. बारा महिने आपल्यासारखे येतात, त्यावर बेट चालतं."

त्यांनी जरा विचार केला. "मंजी आपुनच ह्यांचं पीक."

मी हसले. मला आठवलं, चौसष्ट सालच्या डिसेंबरात वडिलांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं होतं की वादळानं याच बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी नेलं, माणसांनी भरलेली आगगाडी नेली. मी अकरा वर्षांची होते. पुढं वर्गात तो धडा यायचा तेव्हा मी तो घाईनं उरकायचे. गोजाबाईंना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

आधी समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस विहिरींचं पाणी, मग दर्शन, असा तिथला क्रम. देवळासमोरचा समुद्र तळ्यासारखा शांत होता. गोजाबाई लुगड्यानिशी कंबरभर पाण्यात गेल्या आणि खाली बसल्या. डोकं तेवढं वर. आजूबाजूला बायका बुडी मारून पाच मिनिटांत बाहेर पडत होत्या. त्या बसूनच राहिल्या. गुडघ्यांना बरं वाटत असावं. साठ वर्षं हे शरीर कोणाच्या तरी चुलीपुढं शेकत आलं होतं.

मी हाक मारायला हवी होती. बारा वाजत आले होते. मी हाक मारली नाही.

विहिरींचा नाद सोडून आम्ही थेट दर्शनाच्या रांगेत लागलो. लांबच लांब ओवऱ्या, दगडी खांब, आणि माणसांच्या पाठी. एकला देऊळ बंद होतं, तीनला उघडतं, असं पुढच्या माणसानं खुणेनं सांगितलं. पाऊण वाजला तरी रांगेची दोन वळणं बाकी होती. तेवढ्यात दिग्विजयचा फोन आला. माणसं हॉलवर पोचली होती.

"थांबू आपण," मी म्हणाले. "थांबेल गाडी."

"उपाशी मान्सं थांबत न्हाईत, बाई." त्यांनी कळसाच्या दिशेनं हात जोडले, दोरीखालून वाकून रांगेबाहेर आल्या आणि माझ्यासाठी दोरी वर धरली.

रिक्षानं आम्ही परतलो. पूल यावेळी भर्रकन संपला. हॉलवर एकटा नागप्पा वाढायला पुरत नव्हता, पंगत खोळंबली होती. गोजाबाईंनी पदर खोचला आणि लुगडंही न बदलता वाढायला घेतलं. अभिमन्यू काका कुरकुरले, "सकाळच्या हायत्या का काय? वातड झाल्यात."

तेवढ्यात गोजाबाईंच्या गल्लीतल्या नागूबाईचा फोन आला. हात भरलेले, म्हणून गोजाबाईंनी तो मला उचलून धरायला लावला, आवाज मोठा करून.

"गोजाक्का, झालं का दर्शन?"

"न्हाय झालं."

"आँ?"

"न्हाय झालं म्हनते. दार बंद व्हायाची येळ झालती. समुद्रात बसले निवांत. पयल्यांदाच."

"पयल्यांदा कसं? मग इतकी वरसं?"

"इतकी वरसं अलीकडंच व्हते की. भाकरी करत."

नागूबाई म्हणाली, "आमी पायावर पानी घातलं व्हतं, अक्का."

"घातलं व्हतं खरं," गोजाबाई म्हणाल्या. "आले की बोलू."

मी फोन बंद केला. पंगतीतली दोन-चार माणसं खाली ताटात बघत होती. काकांनी भाकरी मोडली आणि आमटीत कुस्करली.

वाऱ्यानं गोजाबाईंचं लुगडं वाळत आलं होतं. हिरव्या काठावर मिठाची पांढरी, वेडीवाकडी रेघ उमटली होती. दुरडी कडेवर घेऊन, एका गुडघ्यावर भार न देता, त्या पंगतीच्या दुसऱ्या टोकाकडं चालल्या होत्या.

"भाकरी... कुनाला भाकरी?"