तेविसावा विडा

तबक देवळापुढच्या दगडी चौथऱ्यावर, सहाणेवर, फेरी मारून परत आले आणि त्यात एक विडा उरला.

बावीस घरांच्या बावीस माणसांनी आधी विड्याकडे पाहिले, मग एकमेकांच्या तोंडाकडे. सगळ्यांची तोंडे चालू होती. म्हणजे आपला विडा कुणीच टाळला नव्हता. वाडीचा प्रमुख, गावकर आत्माराम, हसला.

"धाकू, मेल्या, वय झालं तुजं. एक जास्ती लावलंस."

सगळे हसले. तबक धरून उभा असलेला धाकू हसला नाही.

वाडीची रीत अशी, की कुठल्याही गोष्टीला हात वर करायचा नाही. बोलायचे, भांडायचे, पुन्हा बोलायचे आणि मग देवळापुढच्या सहाणेवर घरटी एक विडा फिरवायचा. उचलला तो होकार. एक जरी तबकात राहिला तरी बेत मोडला. विडे लावायचे काम तीस वर्षे धाकूकडे. घरे तेवीस, पण धाकू लावी बावीस. तबक धरणाऱ्याने स्वतःचाही विडा लावावा, हे त्याला आगाऊपणाचे वाटे. आणि त्याला तसे वाटते यात वाडीला काही गैर वाटत नसे. धाकूचा होकार धरूनच चालायचा, असा तो सोयीचा हिशेब होता.

आजचा विषय रस्त्याचा. पालीहून एस.टी. वाडीपर्यंत यायची, तर जमीन वाडीने फुकट द्यायची. पहिली आखणी आत्मारामाच्या काजूंतून जात होती. मग चार बैठका झाल्या आणि दर बैठकीला रस्ता थोडा थोडा सरकला. काजूंचे नाव कुणी काढले नाही. एकमताला तेवढी समज असते. सरकत सरकत रस्ता धाकूच्या भाताच्या कुणग्यात येऊन थांबला. धाकूला कुणगा एकच, शेताचा तेवढाच तुकडा. थोरला मुलगा सदू मुंबईहून गिरणीच्या संपात घरी आला तो दोन वर्षे घरीच. खाणारी तोंडे सहा.

सकाळी विडे लावताना बायको गोदा म्हणाली होती, "अवो, आज आपला बी लावा."

"जास्ती नाय झाला," धाकू आता गावकराला म्हणाला. "त्यो माजा हाय. आन मी त्यो उचलनार नाय."

हसू थांबले. वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी भिकाजी मांडीवर वही घेऊन बसला होता. त्याची रजा संपत आली होती.

"पण काका, तुमचा विडा कधी नसतोच. नवीन पद्धत पाडायची तर आधी बैठकीत मांडायला पायजे."

"मग मांडतो."

"मांड की," आत्माराम म्हणाला. "पन त्याला समद्यांचं एकमत लागंल."

रागावले कुणीच नाही. रागावले असते तर धाकूला सोपे गेले असते. एकमत होईतो बैठक उठत नाही. ऊन सहाणेवर चढले, माणसे उपाशी बसली आणि एकेक जण धाकूला गोडीने समजावू लागला. त्याच्या मांडीला मांडी लावून सखाराम बसला.

"गेल्या साली देवळाच्या खांबाला माजा फणस पायजे हुता. मी तीन रोज अडून बसलो. तवा तूच माज्यापाशी येऊन बोललास, एक घर अडलं तर वाडी अडते. दिला ना रे मी?"

"फणसावर पोट नव्हतं तुजं."

"पोरांचं हुतं," सखाराम हळूच म्हणाला.

धाकूने तबक खाली ठेवले आणि आत्मारामाचे पाय धरले.

"गावकर, काजूकडनं न्या वो. तुमची चारच झाडं जातील. माजं समदंच जातंय."

काजू हा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला. आत्मारामाने पाय सोडवून घेतले नाहीत. "मी कुटं नाय बोलतो? देईन झाडं. बोला रे, कुनाला तसं वाटतं काय?"

बावीस माणसे सहाणेचा चिरा बघत राहिली.

"मग हात वर करून बघा!" धाकू ओरडला.

"इलेक्शन करतोस व्हय वाडीत?" मागून कुणी म्हणाले, आणि एवढा एकच राग त्या दिवसात दिसला.

हात वर झाले असते तरी एका बाजूला बावीस आणि दुसऱ्या बाजूला एक. पण तो एक कुठेतरी लिहावा लागला असता.

ऊन कलले. खाली पायरीशी गोदा उभी होती. तिने मान हलवली नाही, होयची नाही की नायची नाही. धाकूने विडा उचलला. तीस वर्षांतला त्याचा पहिला विडा.

"वा, काका!" म्हणत भिकाजीने वहीत 'सर्वानुमते' लिहिले. माणसे जेवायला पांगली. विडा कनवटीला खोचून धाकू तबक धुवायला विहिरीवर गेला.

सोमवारी मोजणीचे साहेब आले. साखळीचे दुसरे टोक धरायला वाडीतला माणूस हवा होता. अशा कामाला वाडी ज्याला हाक मारते त्यालाच तिने मारली. कुणग्याच्या कोपऱ्यात धाकूने पालापाचोळा जाळून भाताच्या रोपांसाठी भाजावळ करून ठेवली होती. साखळी ओढत तो त्या काळ्या राखेतून गेला. रोपे नव्हतीच. तरी पाय मात्र तो उचलून उचलून टाकत होता, रोप तुडवू नये म्हणून टाकतात तसे.