कोरडोबा नावाचा दगड

कुशाबाईंचं घर सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात धरणाच्या पाण्याखाली गेलं.

मित्रांनो, वरचं वाक्य विसरून जा. तसं काही झालेलं नाही. सरकारदरबारी तर नाहीच नाही. मी हे खात्रीनं सांगू शकतो, कारण त्या घराच्या अंगणाखालच्या उतारावर उभा असलेला जुना दगड मीच आहे.

माझा जन्म बेल्ह्याच्या अलीकडच्या एका खाणीत झाला. माझ्याबरोबरच्या दगडांचं पुढं चांगलं झालं. कुणी पाटा झाला, कुणी जातं झालं. एकाला तर बैलबाजारात दावी बांधायला रोवलं, त्याच्याभोवती कायम गर्दी. मला मात्र चौकोनी घडवलं, डोक्याला तांबडा रंग फासला आणि छातीवर ‘बु. रे.’ अशी अक्षरं कोरली. बु. रे. म्हणजे बुडीत रेषा. धरण भरल्यावर पाणी जिथवर येणार, तिथं माझ्यासारखे दगड ओळीनं रोवतात. दगडाच्या खाली ज्याचं घर, तो बुडणार आणि त्याला दुसरीकडं जमीन मिळणार. दगडाच्या वर ज्याचं घर, तो सुखात राहणार. काम म्हणाल तर नुसतं उभं राहायचं. त्याला अक्कल लागत नाही, म्हणून ते दगडाला दिलं.

भीमाशंकरच्या डोंगराखाली, आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीत मला आणलं. माझी खरी जागा कुशाबाईंच्या घराच्या मागं, चढावर होती. पण मला वाहून आणणारे दोघं मजूर अंगणाखालीच दमले. “जेवून मग नेऊ वर,” असं म्हणून त्यांनी मला तिथंच उभं केलं, भाकरी खाल्ली आणि तिथंच आडवे झाले.

तेवढ्यात कुशाबाई पाणी घेऊन आल्या. एकटी बाई. नवरा गेलेला, घराभोवतीच्या तुकड्यात नाचणी पिकवून राहायच्या. मघाशी जिथं काही नव्हतं, तिथं आता तांबड्या डोक्याचा दगड उभा! त्यांनी हंडा खाली ठेवला, घरातून शेंदूर आणला, माझ्या डोक्याला लावला आणि हात जोडले.

“देवा, लोकं म्हनत्यात पानी येनार हाय. माझं घर तेवढं बुडू देऊ नको.”

मजूर उठले. त्यांनी शेंदूर पाहिला. एकानं हळूच चप्पल काढली.

“आता रं?”

“आता काय? बसला देव. उचलतो का तू?”

“मी नाय बाबा. माझी बायकू पोटुशी हाय.”

ते पहार घेऊन निघून गेले. पुढं मोजणीचे साहेब आले. त्यांनी मी जिथं होतो तिथूनच रेषा ओढली. पाणी बघून रेषा ओढायला पाणी अजून आलं नव्हतं.

मग ते आलं. आधी माझ्या पायाशी, मग छातीवरच्या अक्षरांपर्यंत. पाण्याला वाचता येत नाही, मित्रांनो. ते माझ्या डोक्यावरून गेलं, अंगण चढलं आणि कुशाबाईंच्या कौलांवर उभं राहिलेलं पोरगंही बुडेल इतकं वर गेलं. कुशाबाई चढावर पत्र्याच्या शेडात राहायला गेल्या. वाडीतल्या बाकीच्यांना अवसरीच्या बाजूला पाटाखालची जमीन मिळाली. कुशाबाईंना नाही. त्यांचं घर रेषेच्या वर होतं.

साहेब पुन्हा पाहणीला आले. ते आणि कुशाबाई काठावर उभे राहिले.

“साहेब, घर दिसतंय का तुमाला?”

“नाही.”

“मग?”

“मावशी, धरणाचं पाणी रेषेच्या वर येऊच शकत नाही.”

“आन ह्ये काय हाय मंग?”

साहेबांनी बराच वेळ पाण्याकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. “हे असेल कुठलं तरी,” ते म्हणाले, “पण धरणाचं नाही.” आणि त्यांनी नोंद केली: कुशाबाई, राहतं घर, कोरडं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, तशा कुशाबाई पहार घेऊन आल्या. मला म्हणाल्या, “चुकलं बाबा माझं मागनं. आता जरा घरामागं चल.” मी तयारच होतो. पण वरच्या वाडीतल्या बायका धावत आल्या आणि त्यांनी पहार धरली.

“ह्याला हलवू नगा, काकी! ह्यो वर सरकला तर पानी आमच्या दारात यील.”

“आन माझ्या दारात आलं त्ये?”

“तुमच्या कुठं आलंय? कोरडं लिवलंय की.”

गावाकडची हालहवाल बघायला आलेला कुशाबाईंचा चुलत दीर दादाभाऊ तिथंच होता. त्याला अवसरीकडं जमीन मिळाली होती, त्यामुळं त्याला विनोद सुचत. तो म्हणाला, “वैनी, देवाला निदान नाव तरी ठिवा. म्हसोबा हाय, बिरोबा हाय, ह्यो आपला कोरडोबा!” बायकांनी ते नाव मनावर घेतलं. तेव्हापासून मला दर अमावास्येला नारळ मिळतो. पाण्यात असलो तर वरून टाकतात. तो तरंगत राहतो.

आता मला जे सांगायचं आहे, ते जरा नीट ऐका. भिऊ नका. मीही भीत नाही, कारण दगडाला ते जमत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मी पाण्याखाली होतो. भोवती हिरवा अंधार. वाडीतल्या बाकीच्या घरांच्या भिंती विरघळून बसत होत्या. पण कुशाबाईंचं घर तसंच उभं होतं. दार लावलेलं. मासे उंबऱ्यापर्यंत यायचे आणि कुणीतरी ओरडल्यासारखे माघारी फिरायचे. आणि एका दुपारी आतून आवाज आला. घर्र, घर्र. जातं फिरत होतं. दळणारी बाई गुणगुणत होती, आणि तो आवाज कुशाबाईंचा होता.

कुशाबाई तर वर, शेडापुढं बसल्या होत्या. त्यांनाही तो ऐकू आला. त्यांनी निवडायचं सूप खाली ठेवलं आणि कितीतरी वेळ पाण्याकडं बघत राहिल्या.

यात नवल नाही, मित्रांनो. राहतं घर म्हटलं की त्यात कुणीतरी राहायला हवं.

मग वृषाली आली. पुण्याची, तरुण, पाठीवर पिशवी. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेसाठी ती अभ्यास करत होती. धरणं झाल्यावर लोकांच्या जमिनीचं, पाण्याचं, जंगलाचं काय होतं आणि सरकारांनी धोरण काय ठेवावं, असा तो विषय होता. तिनं कुशाबाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

“मावशी, उन्हाळ्यात घर उघडं पडेल ना? गाळानं भरलेलं घर मी फोटोसकट मांडते. आमचा अहवाल मुंबईत, दिल्लीत सगळीकडं जातो. तुम्हाला जमीन द्यावीच लागेल.”

मे महिन्यात पाणी उतरलं. सगळ्या वाडीवर गाळ, भेगाळलेला, मेलेल्या शिंपल्यांनी भरलेला. दोघी माझ्या शेजारून अंगणात गेल्या. अंगण सारवलेलं होतं. ओलं होतं, पण सारवणानं. वृषालीनं दार ढकललं.

आत धूळ होती. आढ्याला कोळ्याचं जाळं, त्यात माशी. दोरीवर मिरच्या वाळलेल्या. चुलीत राखेखाली निखारा. जात्याभोवती पीठ पडलेलं.

कुशाबाईंनी पीठ चिमटीत घेऊन चोळलं. “माझंच दळान हाय,” त्या म्हणाल्या. “मी आसंच जाडंभरडं दळते. सासू लई बोलायची.”

वृषाली भिंतीला हात लावून उभी होती. भिंत कोरडी होती.

“मावशी, मी काय लिहू?”

“दिसलं त्ये लिही.”

“दिसलं ते लिहिलं तर घर कोरडं आहे, असं होईल. जमीन मिळणार नाही.”

“आन नाय लिवलं तर?”

“तर खोटं होईल.”

कुशाबाई उंबऱ्यावर बसल्या. “खोटं लिवायला त्यांची मानसं हायती की. तू कशाला त्यात पडती, पोरी? लिही, कोरडं हाय. कोरडं हाय म्हनूनच तर मी बुडाले.”

वृषालीनं खरं लिहिलं. परदेशातल्या मोठ्या सभेत पडद्यावर माझा फोटो झळकला, असं तिनं नंतर येऊन सांगितलं. खाली लिहिलं होतं, ‘जलव्यवस्थापनात स्थानिक श्रद्धेचा यशस्वी सहभाग’. ही ओळ तिची नव्हती, वरच्यांनी घातली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. आणि कचेरीनं तोच अहवाल धरून कुशाबाईंचं प्रकरण कायमचं बंद केलं.

त्याला आता वर्षं झाली. कुशाबाई शेडातच असतात. गुडघे धरलेत, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणं होत नाही. पावसाळ्यात दुपारी त्या काठावर येऊन बसतात. खालून जातं ऐकू येतं. परवा त्या वैतागून पाण्याकडं ओरडल्या, “ए बये! जरा बारीक दळ की!”

जातं थांबलं. पाण्यावर एक तरंगसुद्धा नव्हता. मग घरघर पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा हळू, बारीक.

कुशाबाई हसल्या. मग पदर तोंडाशी धरून तिथंच बसून राहिल्या. घर खाली, दळण खाली, निखारा खाली, आणि वर ही बाई रिकाम्या हातांनी.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी साहेब झालंच, तर माझा एवढा अर्ज वर पोचवा. मला लिहिता येत नाही, म्हणून तोंडी सांगतो.

मेहेरबान साहेबांस सविनय सादर. अर्जदार हा देव नसून दगड आहे, असा दाखला मिळावा. सदर दाखल्याच्या आधारे अर्जदारास उचलून मौजे मजकूर येथील घराच्या पाठीमागे, चढावर रोवण्यात यावे. घर बुडितात धरून ते रीतसर बुडू द्यावे. तत्पूर्वी आत राहणाऱ्या बाईंस पूर्वसूचना देऊन वर, शेडात पाठवावे. दोघींना मिळून एकच जमीन दिली तरी चालेल. कळावे.